घरगुती हायड्रोपोनिक किटचा रिव्ह्यू: पानं पिवळी पडल्यावर यातलं काय कामाला येतं आणि काय नाही

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईत असणाऱ्यांचं काम होईल. किट (म्हणजे मातीशिवाय, खत घातलेल्या पाण्यात रोपं वाढवायचा संच) चांगलं आहे, पंप शांत आहे, लाइट पुरेसा आहे, रोपं झपाट्याने वाढतात, पण पानं पिवळी पडायला लागल्यावर जी गोष्ट सगळ्यात आधी हातात असायला हवी ती नेमकी यात धड नाहीये, ती म्हणजे पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे, ते मोजायचं साधन. ते वेगळं घ्यावं लागतं आणि माझं स्पष्ट मत आहे की ते घ्यायची तयारी नसेल तर हे किट घेऊच नका. कंपनीचं नाव लिहीत नाही. या धाटणीचे किट वेगवेगळ्या स्टिकरखाली मिळतात, डबा तसाच, झाकणावर भोकं तशीच, सोबतच्या बाटल्याही साधारण त्याच, त्यामुळे खालचं बरंचसं तुमच्या किटलाही लागू पडेल.

बॉक्समध्ये काय येतं ते पटकन सांगते. झाकण असलेली टाकी, नेट पॉट (रोप धरणाऱ्या जाळीच्या छोट्या कुंड्या), स्पंजचे तुकडे, एअर पंप आणि एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड), वरखाली होणाऱ्या दांड्यावर एलईडी लाइट, खताच्या ए आणि बी अशा दोन बाटल्या, पीएच कमी करायची एक छोटी बाटली, टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं), पीएच तपासायचे थेंब आणि रंगांचा तक्ता, आणि एक माहितीपुस्तिका. जोडायला सोपं आहे, कुणाचीही मदत लागत नाही, त्यावर जास्त लिहीत बसत नाही.

मी त्यात लेट्युस, बेसिल आणि पालक लावला. सुरुवातीला सगळं हिरवंगार, आणि मग बेसिलची शेंड्याची नवी पानं फिकट पडायला लागली, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, खालची जुनी पानं मात्र एकदम ठणठणीत. पुस्तिकेत यावर एकच ओळ आहे, "पानं पिवळी पडल्यास ए आणि बी खताचं प्रमाण वाढवा". कंपनीला फोटो पाठवून विचारलं तर त्यांनीही तीच ओळ परत पाठवली. हा सल्ला निम्म्या वेळा चुकीचा असतो आणि कधीकधी रोप मारतो, म्हणून हा रिव्ह्यू एवढा लांबलचक लिहितेय.

कारण पिवळेपणा एका प्रकारचा नसतोच. आधी बघायचं पिवळं कुठे पडलंय, वर की खाली. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं रोपाच्या आत फिरू शकतात, कमी पडली की रोप जुन्या पानांतून ती काढून नव्या पानांना देतं, त्यामुळे लक्षण खालच्या पानांवर दिसतं. लोह, कॅल्शियम, मँगनीज, बोरॉन जिथे पोचले तिथेच राहतात, म्हणून त्यांची कमतरता शेंड्याला दिसते. एवढं एक कळलं तरी अर्धा शोध संपतो. मग बघायचं अख्खं पान पिवळं की शिरांच्या मधलं. खालचं अख्खं पान एकसारखं फिकट होत गेलं तर नायट्रोजन. खालच्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा तर मॅग्नेशियम. खालच्या पानांच्या फक्त कडा पिवळ्या होऊन करपल्या तर पोटॅशियम. वरच्या नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा तर लोह, आणि वरचं पान शिरांसकट एकसारखं फिकट असेल तर सल्फरचा संशय घ्यायचा. हे तपासताना पान दिवसाच्या उजेडात धरून बघा हां, कारण या किटच्या लाइटला पांढरा आणि जांभळा असे दोन मोड आहेत आणि जांभळ्यात हिरवं-पिवळं काहीच धड कळत नाही.

आता माझ्या बेसिलला शेंड्याला पिवळेपणा, म्हणजे लोह. पण बाटलीवर लोह आहे असं लिहिलेलं, आणि टीडीएस पेनवर आकडाही व्यवस्थित येत होता. मग लोह पाण्यात असून रोपाला का मिळत नव्हतं, तर पीएच. हायड्रोपोनिक्समध्ये पीएच ५.५ ते ६.५ मध्ये ठेवायचा असतो, त्यावर गेला की लोह पाण्यात विरघळलेलं राहतच नाही. म्हणून खतात ते चिलेट करून, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत धरून, घालतात, पण चिलेटचेही प्रकार आहेत. ईडीटीएवालं साधारण ६.५ च्या आतच नीट टिकतं, डीटीपीएवालं ७ च्या थोडं पुढेपर्यंत, आणि ईडीडीएचएवालं ९ पर्यंतसुद्धा टिकतं आणि त्याने पाण्याला लालसर रंग येतो. या किटच्या ए बाटलीवर ईडीटीए असं लिहिलंय, आणि लिहिलंय याबद्दल कंपनीला पूर्ण मार्क, कारण बऱ्याच बाटल्यांवर नुसतं "सूक्ष्म अन्नद्रव्ये" एवढंच असतं आणि मग तुम्हाला काहीच कळत नाही. पण ईडीटीए दिलंय म्हटल्यावर पीएच सांभाळणं आणखी महत्त्वाचं होतं आणि त्याचंच साधन कच्चं दिलंय.

ते थेंब बघा. थोडं पाणी कुपीत घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. पिवळा म्हणजे ६, हिरवा म्हणजे ७, निळा म्हणजे ८ च्या आसपास. साध्या पाण्यात हे बऱ्यापैकी चालतं. पण खत घातलेल्या पाण्याला स्वतःचाच पिवळसर रंग असतो, त्यामुळे हिरवट दिसतंय ते ६.५ आहे की ७ हे दोन माणसं दोन वेगळं सांगतील, आणि आपल्याला तर नेमका तोच फरक हवा असतो. पीएचची मोजपट्टी साधी नाही, एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक, त्यामुळे "साधारण सातच्या आत असेल" याला काही अर्थ राहत नाही. वेगळ्या घेतलेल्या पीएच पेनची बॅटरी संपली तर आधाराला हे थेंब ठेवा, त्यांच्या भरवशावर बाग चालवू नका.

मी वेगळं पीएच पेन घेतलं आणि त्यावर ७.६ आलं. म्हणजे पुस्तिकेप्रमाणे आणखी खत ओतलं असतं तरी त्यातलं लोहही तसंच वाया गेलं असतं, आणि वर मुळांना जास्त क्षारांचा त्रास वेगळा. पीएच ६ वर आणला, खत एक थेंबही वाढवलं नाही, आणि आठवड्याभरात शेंड्याला येणारी पानं हिरवी यायला लागली. आधी पिवळी झालेली पानं पूर्ववत होतीलच असं नाही, काही थोडी सुधारतात काही तशीच राहतात, म्हणून उपाय लागू पडला की नाही हे नेहमी नव्या पानावरून ठरवायचं, जुन्याकडे बघून घाबरून परत काहीतरी ओतायचं नाही.

पीएच पेनचाही इथेच रिव्ह्यू करून टाकते कारण माझ्या मते किटइतकंच ते महत्त्वाचं आहे. टोकाला काचेचा छोटा बल्ब असतो, तो म्हणजे या पेनचा जीव. घेताना तीन गोष्टी बघा, तापमानाप्रमाणे आकडा आपोआप दुरुस्त करण्याची सोय आहे का, दोन बिंदूंवर कॅलिब्रेट होतं का (म्हणजे पीएच माहीत असलेल्या द्रावणात बुडवून आकडा जुळवता येतो का), आणि टोकाचा इलेक्ट्रोड बदलता येतो का. तिसरी गोष्ट लोक विचारत नाहीत पण इलेक्ट्रोड झिजतोच, साधारण वर्ष दोन वर्षांत, आणि बदलता येत नसेल तर अख्खं पेन टाकून द्यावं लागतं. सोबत बफरच्या, म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण करायच्या, पुड्या मिळतात, ६.८६ आणि ४ च्या, त्या सांगितलेल्या मापाच्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून आधी ६.८६ ला आणि मग ४ ला पेन जुळवायचं. वापरलेला बफर परत बाटलीत ओतायचा नाही, तो बिघडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बल्ब कोरडा पडू द्यायचा नाही आणि डिस्टिल्ड पाण्यात बुडवूनही ठेवायचा नाही, पोटॅशियम क्लोराइडचं स्टोरेज सोल्यूशन मिळतं त्याचे दोन थेंब टोपणात घालून ठेवायचं. माझं पेन आकडा स्थिर व्हायला थोडा वेळ घेतं, बुडवून जरा हलवायचं आणि थांबायचं, लगेच आलेला आकडा खरा धरायचा नाही. याव्यतिरिक्त तक्रार नाही, मी याला ५ पैकी ४.५ देईन.

आता किटमधलं टीडीएस पेन. हे खरंच चांगलं दिलंय, आकडा चटकन येतो आणि भरवशाचा येतो, पण एक मोठी गडबड आहे. पेन खरं तर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं, म्हणजे ईसी, आणि मग त्याला एका आकड्याने गुणून पीपीएम (दहा लाखात किती भाग) दाखवतं, आणि हा गुणायचा आकडा सगळ्या कंपन्यांचा एक नसतो. काही पेन १ ईसीला ५०० पीपीएम म्हणतात आणि काही ७००. पुस्तिकेत लिहिलंय "८०० पीपीएम ठेवा", पण कुठल्या स्केलवर ते कुठेच नाही. ५०० च्या स्केलवर ८०० म्हणजे ईसी १.६, आणि ७०० च्या स्केलवर तेच ८०० म्हणजे ईसी १.१४. लेट्युससाठी साधारण ०.८ ते १.२ ईसी बरी पडते, बेसिलला १ ते १.६, पालकाला १.८ च्या पुढे, टोमॅटोला २ ते ३.५. म्हणजे स्केल चुकलं तर लेट्युसला गरजेपेक्षा बरंच जास्त खत जाईल किंवा पालक उपाशी राहील. आपलं पेन कुठल्या स्केलचं ते ओळखायचा सोपा मार्ग आहे, १४१३ मायक्रोसीमेन्सचं (म्हणजे ईसी १.४१३ चं) कॅलिब्रेशन सोल्यूशन मिळतं, त्यात बुडवलं की ७०० च्या आसपास आकडा आला तर ५०० चं स्केल, हजाराच्या जवळ आला तर ७०० चं. माझं ५०० चं निघालं. पेनवर ईसी दाखवायचं बटण असेल तर पीपीएम विसरून थेट ईसीच बघा, सगळा घोळच मिटतो.

अजून एक, टीडीएस पेन पाण्यात एकूण क्षार किती आहेत ते सांगतं, कुठले आहेत ते सांगत नाही. रोपं नायट्रोजन आणि पोटॅशियम भराभर उचलतात, सोडियम, क्लोराइड, सल्फेट मागे साचत राहतात, आपण वरून पाणी आणि खत घालत राहतो, आकडा बरोबर दिसतो आणि आतला समतोल मात्र बिघडलेला असतो. म्हणून आकडा बरोबर, पीएच बरोबर, तरी खालची पानं फिकट होतायत असं दिसलं तर शोध घेत बसू नका, टाकीतलं सगळं पाणी बदला. दोन-तीन आठवड्यांनी एकदा तसंही बदलायलाच हवं आणि पुस्तिकेत हे लिहिलेलंच नाही, नुसतं "पातळी कमी झाल्यास भरा" एवढंच आहे. नळाचं पाणी जड असेल तर त्यात आधीच किती टीडीएस आहे ते खत घालायच्या आधी मोजून ठेवा, कारण तो आकडा खताचा नाही. जड पाण्यातले बायकार्बोनेट पीएचही सतत वर ढकलतात, आणि रोपं नायट्रेट उचलतात तेव्हाही पीएच वरच जातो, त्यामुळे आज ६ केला म्हणजे काम झालं असं नाही, दर एक-दोन दिवसांनी बघावंच लागतं. उलट आरओचं पाणी वापरत असाल तर त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम जवळजवळ नसतंच आणि मग मॅग्नेशियमवाला पिवळेपणा येऊ शकतो.

मॅग्नेशियमला एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) चालतं, लिटरला अर्धा ग्रॅम घातलं की साधारण ५० पीपीएम मॅग्नेशियम होतं आणि तेवढं भरपूर आहे. पण बी बाटलीत मॅग्नेशियम असतंच, त्यामुळे खालच्या पानांवर शिरांमधला पिवळेपणा प्रत्यक्ष दिसत असेल तरच घाला, सवयीने नको, कारण मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम मुळांशी एकमेकांशी स्पर्धा करतात आणि एक वाढवलं की दुसरं कमी शोषलं जातं.

किटमधली पीएच कमी करायची बाटली सायट्रिक ॲसिडची आहे. सुरक्षित आहे, पण टिकत नाही, पाण्यातले जिवाणू सायट्रिक ॲसिड खाऊन टाकतात आणि एक-दोन दिवसांत पीएच परत वर. मी फॉस्फोरिक ॲसिडवालं पीएच डाउन घेतलं, ते जास्त टिकतं. हातमोजे घालायचे, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवायचं, आणि पातळ करायचं असेल तर नेहमी पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. क्रमही लक्षात ठेवा, आधी पाणी, मग ए, नीट ढवळायचं, मग बी, परत ढवळायचं, आणि पीएच सगळ्यात शेवटी, कारण खतानेच पीएच थोडा खाली येतो. ए आणि बी एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत, ए मधलं कॅल्शियम आणि बी मधले सल्फेट फॉस्फेट एकत्र आले की पांढरा साका होऊन तळाला बसतो आणि तेवढं अन्न गेलंच. पुस्तिकेत हे मात्र ठळक अक्षरात दिलंय, ते छान केलंय.

टाकीबद्दल माझी खरी नाराजी आहे. प्लास्टिक जाड आहे पण पांढरट, उजेड आरपार जातो, आणि खताचं पाणी अधिक उजेड म्हणजे शेवाळ येणारच. शेवाळ खत खातं, दिवसा-रात्री पीएच वरखाली करतं, आणि कुजलं की मुळांचा ऑक्सिजनही जातो. बाहेरून काळा कागद आणि त्यावर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळलं आणि झाकणावरची रिकामी भोकं बंद केली, मग शेवाळ थांबलं. कंपनीने मुळात टाकी काळ्या किंवा अपारदर्शक प्लास्टिकची करावी, यात कसलीच अडचण नाहीये.

आणि मुळं बघायची सवय लावाच. पानं पिवळी झाली की सगळे पानांकडेच बघत बसतात, झाकण उचलून नेट पॉट वर घेऊन बघा, मुळं पांढरी किंवा किंचित क्रीम रंगाची असतील तर ठीक, तपकिरी, बुळबुळीत, वास येणारी असतील तर मूळकुज आहे आणि मग कितीही खत घाला, पीएच कितीही नेमका ठेवा, काही उपयोग नाही. अशा वेळी टाकीत पाणी भरलेलं असूनही रोप मलूल दिसतं आणि पानं खालपासून वरपर्यंत फिकट होतात. मागचं कारण बहुतेक वेळा पाणी गरम होणं असतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास, शिवाय गरम पाण्यात मुळांची स्वतःची गरजही वाढते आणि पिथियमसारख्या रोगकारकांना तेच हवं असतं. पाणी १८ ते २२ अंशांत राहिलं तर उत्तम, २५ च्या वर जायला लागलं की सावध. टाकी खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नका, लाइट रात्री चालू ठेवला तर दिवसाची उष्णता आणि लाइटची उष्णता एकत्र येत नाही, हे सोपं आणि फुकट आहे.

एअर पंपाला पैकीच्या पैकी, आवाज जवळजवळ नाही आणि दिवसरात्र चालतो. फक्त नळीत पाणी उलटं येऊ नये म्हणून जो छोटा व्हॉल्व्ह लागतो तो दिलेला नाही, त्यामुळे पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, वीज गेली तरी पाणी पंपात शिरणार नाही. एअर स्टोन काही काळाने क्षारांनी बुजतो, बुडबुडे कमी दिसले की काढून स्वच्छ करा किंवा बदला.

लाइट चांगला आहे, टायमर आतच आहे, १६ तास चालू ८ तास बंद असं लावलं की लेट्युस बेसिलला पुरतं. पण पुस्तिकेत लाइट "शक्य तितका जवळ" ठेवा म्हणतात ते पटलं नाही. फक्त लाइटच्या सगळ्यात जवळची पानं पांढुरकी-पिवळी होत असतील आणि बाजूची, सावलीतली हिरवी असतील तर तो प्रश्न खताचा नाही, दांडा वर करा. रोपं वाढतात आणि लाइट तिथेच राहतो, त्यामुळे हे हळूहळू होतं आणि लक्षात येत नाही. पानावर बारीक बारीक फिकट ठिपके असतील तर मात्र पान उलटं करून भिंगातून बघा, कोळी किंवा थ्रिप्स अशी रस शोषणारी बारीक कीड निघेल, त्याचाही पाण्याशी काही संबंध नाही.

आणि काही पिवळी पानं नुसती सोडून द्यायची असतात. बियाण्यातून निघालेली पहिली दोन पानं त्यांचं काम झालं की पिवळी होऊन गळतात, दाट रोपाच्या अगदी तळाशी उजेड न मिळालेली एखाद-दोन पानंही पिवळी पडतात, ती खुडून टाका आणि बाकी काही करू नका.

किटला मी ५ पैकी ३.५ देते. टाकी अपारदर्शक केली, पुस्तिकेतली ती एक ओळ काढून तिथे नव्या-जुन्या पानांची चित्रं दिली आणि थेंबांच्या जागी साधं का होईना पेन दिलं तर साडेचारसुद्धा देईन. ज्यांच्याकडे पीएच पेन आधीच आहे त्यांनी डोळे झाकून घ्या. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी किटसोबत पीएच पेन, बफर, स्टोरेज सोल्यूशन आणि फॉस्फोरिकवालं पीएच डाउन एकदमच मागवा, आणि मागवायच्या आधी विक्रेत्याला विचारा की खतातलं लोह कुठल्या चिलेटचं आहे आणि टीडीएस पेन कुठल्या स्केलचं आहे. स्पंज, एअर स्टोन आणि नेट पॉट सुटे मिळतात आणि वेळेत येतात, लाइटचा अडॅप्टर मात्र सुटा मिळत नाही म्हणाले, तेवढं वॉरंटीच्या कागदावर बघून घ्या.